जिथे अपील नाही

बाबा चंद्रपूरला वकिली करायचे. तरुणपणी सरकारी शिष्यवृत्तीवर ते विलायतेत कायदा शिकायला गेले, तेव्हा तिथे त्यांना कुणी खोली देईना. तसाच दारोदार फिरणारा पश्चिम आफ्रिकेतला एक विद्यार्थी त्यांना भेटला. दोघांनी मिळून एक तळघर भाड्याने घेतलं. तो मित्र पुढे आपल्या देशात न्यायाधीश झाला, आणि निवृत्तीनंतर तिथल्या संसदेचा सभापती. त्याची पत्रं आमच्याकडे यायची. माझं बरंचसं इंग्रजी ती वाचूनच झालं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बाबांचे हे मित्र दिल्लीला कसल्याशा परिषदेसाठी आले आणि दोन दिवस काढून आमच्या घरी राहिले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. आई बाबांना हळूच म्हणाली, "याहिले तिखट चालते का, इचारा ना." त्यांनी मासळीचा रस्सा दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबांची गडचिरोलीकडच्या एका तालुक्याच्या कोर्टात तारीख होती. पाहुणे हट्टाने सोबत आले, मीही गेले. साक्षीदार बाई माडिया आदिवासी होती. ती बराच वेळ आपल्या बोलीत बोलली. दुभाष्याने त्याचं एक वाक्य केलं आणि तेवढंच कागदावर आलं.

परतताना पाहुण्यांनी विचारलं, "ती एवढं बोलली. बाकीचं कुठे गेलं?"

"हे रोजचंच आहे," बाबा म्हणाले.

"मग रोज हरकत घे."

बाबा ओशाळले. पण त्यानंतर त्यांनी खरंच हरकत घ्यायला सुरुवात केली. काही न्यायाधीश चिडायचे.

वर्ष झालं नसेल, एका सकाळी रेडिओवर बातमी आली की त्या देशात लष्कराने सत्ता घेतली आणि संसद बरखास्त केली. पत्रं थांबली. बाबा लिहीत राहिले, उत्तर येत नव्हतं.

खूप महिन्यांनी मित्राच्या पत्नीचं पत्र आलं. लष्कराने सभापतींना अटकेत ठेवलं होतं. मग एक अधिकारी निरोप घेऊन आला, की नव्या विशेष न्यायालयाचे प्रमुख व्हा आणि घरी जा. त्या न्यायालयाच्या निकालावर अपील नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "शिक्षा झालेल्याने दाद कुठे मागायची?" त्यांनी नकार दिला आणि आतच राहिले. साखरेचा आजार वाढला. उभं राहता येईना तेव्हा त्यांना घरी सोडलं. अकराव्या दिवशी ते गेले.

बाबांनी पत्र घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं आणि कोर्टात गेले. मी तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला होते, त्यांच्या मागोमाग गेले. बार रूममध्ये त्यांनी शोकसभेची विनंती केली.

एक ज्येष्ठ वकील संकोचून म्हणाले, "भाऊ, ते आपल्या बारचे नाईत. त्याहिले इथी कोनी वळखत नाई."

"मी वळखतो," बाबा म्हणाले. "ते काऊन मेले, तेवढं आयका. मंग ज्याले वाटन त्यानं उभं राहा."

त्यांनी ते पत्र तिथेच वाचून, मराठीत सांगितलं. आधी एक तरुण वकील उठला. मग ते ज्येष्ठ वकीलही टेबलाला हात टेकून उठले, आणि हळूहळू सगळे.

त्या दिवशी बाबांची एक केस होती. त्यांनी ती नीट चालवली नाही, हे मलाही कळलं. मित्राच्या पत्नीला काय लिहावं, ते त्यांना दोन दिवस सुचेना. इंग्रजीत दोन ओळी लिहायचे आणि कागद फाडायचे. शेवटी त्यांनी सगळं मराठीत लिहिलं आणि इंग्रजी करायला माझ्याकडे दिलं.