न पेटवलेलं निरांजन

आमच्या घरी दसऱ्याला एक निरांजन पेटवत नाहीत. तुपात भिजवलेली फुलवात असते, ताटात हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं असं सगळं असतं, आरतीही पुरी म्हणतात. फक्त ज्योत नसते. या घरात सून म्हणून आले त्या वर्षी ते पाहून मी डोळेच मिटून घेतले होते. माझ्या माहेरी दिवा विझला असा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. दिवा शांत झाला म्हणायचं, आणि मालवायचा तो फुलानं, तोंडानं कधीच नाही. आणि इथे देवीसमोर न पेटवलेली वात ओवाळायची! माहेरी पाठवलेल्या पहिल्या पत्रात मी आईला ते कळवलं नव्हतं, ती घाबरली असती.

आज मात्र त्या निरांजनाबद्दल आणि ते ओवाळणाऱ्या माझ्या सासूबाईंबद्दल, बयाबाईंबद्दल, रोजच्या वहीतल्या चार ओळींत न मावणारं लिहावंसं वाटतंय.

वरंधच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याला आमची वाडी. घराच्या मागे, गोठा आणि गवताच्या उडव्या ओलांडून पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला एक दगडी खोली आहे. तिला खिडकी नाही, वर नुसती जाळी. आणि उंबरठा गुडघ्याएवढा. पाय उचलून, साडी सावरूनच आत जावं लागतं. सासूबाईंचे सासरे गोमाजी यांनी ती बांधली, इंग्रज सरकारच्या काळात. ते महाडच्या बंदरावरून रॉकेलचे डबे बैलगाडीत घालून आणत आणि घाटाखालच्या सगळ्या वाड्यांना पुरवत. आधी डबे गोठ्यातच रचलेले असायचे. मग पेट्रोलियमचा कायदा आला. ठरावीक मापापेक्षा जास्त तेल साठवायचं तर परवाना हवा, जागा घरापासून लांब हवी, आणि डबा फुटला तरी तेल दाराबाहेर वाहू नये असा उंबरा हवा. तपासणीला आलेल्या साहेबानं गोठा बघितला, वरचं पेंढ्याचं छप्पर बघितलं आणि एवढंच म्हणाला, "हे मोडा."

गोमाजींनी गोठ्यातला साठा मोडला आणि त्यासाठी ही खोली बांधली. गावानं हसून घेतलं. "गोमाजीनं रॉकेलाला देऊळ बांधलान. देव कधी बसवतोस रे?"

गोमाजी म्हणे शांतपणे म्हणाले, "बसवतो की."

आणि त्यांनी खरंच कोनाड्यात देवीचा टाक बसवला. पण परवान्यात स्पष्ट होतं, आत आग नाही, दिवा नाही, विडी नाही, काळोख पडला की दार बंद. घरातल्या बायका रडकुंडीला आल्या, दिव्याशिवाय देवी कशी पुजायची? तेव्हा गोमाजींनी तोड काढली. सरकारनं दिवा नको सांगितलंय, देव नको असं नाही सांगितलं. वात भिजवा, ओवाळा, पेटवू नका. देवीला कळतं आत काय आहे ते.

पुढे इंग्रज गेले. रॉकेल रेशनवर आलं, डबे जाऊन पिंपं आली, परवान्यावरचा शिक्का बदलला. उंबरा आणि निरांजन तेच राहिलं. माझे सासरे महिपत मुंबईला गोदीत नोकरीला, त्यामुळे गोमाजींच्या मागे ही खोली सासूबाईंच्या अंगावर पडली. त्या तेव्हा चार इयत्ता शिकलेल्या तरण्या सूनबाई होत्या. लोकांना वाटलं, बाईमाणूस, ढिली पडेल. उलटंच झालं. गोमाजी निदान ओळखीच्या माणसाला विडी कानामागे ठेवून आत येऊ देत. सासूबाईंनी तेही बंद केलं. अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात विडी आणि आगपेटी ठेवायची, मगच खोलीकडे वळायचं. आपला गाववाला असो की तालुक्याचा साहेब असो. आमच्या तुळशीच्या कोनाड्यात रेशनच्या दिवशी आगपेट्यांची अशी गर्दी व्हायची की जाताना लोक एकमेकांच्या आगपेट्या उचलून न्यायचे आणि त्यावरून भांडायचे.

"बयाबाय, महिपत सुट्टीला आला की विडी वढतो का गूळ चघळतो गो?" कुणीतरी चिडवायचं.

"त्यांनाच इचार. पर आधी तुझी आगपेटी ठेव तिकडं."

त्यांची दोन लुगडी होती, एक खोलीचं, एक देवाचं. खोलीतून आल्या की राखेनं आणि लिंबानं हात घासायच्या, वास घ्यायच्या, पुन्हा घासायच्या. मगच देवघरात. घरच्या देवापुढे त्यांची समई दिवसभर तेवत असे. दिव्याची त्यांच्याइतकी हौस असलेली बाई मी पाहिली नाही. म्हणूनच पुढे जे झालं ते त्यांना किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक आहे.

माझी नणंद माधुरी महाडला कॉलेजात होती. तिथे पोलादपूरकडचा भरत तिच्या वर्गात होता. दोघांच्या मनात होतं, दोन्ही घरांच्या कानावर आलं होतं, आणि त्या वर्षी दसऱ्याला मुलाकडची माणसं बोलणी पक्की करायला जीप करून आली. भरतचे वडील चांगूभाऊ, त्यांची थोरली बहीण रखमाआक्का, आणि दोनचार पोरं. चांगूभाऊ बोलायला मऊ. त्या घरात शब्द चालायचा तो आक्कांचा. माधुरीनं पहाटे उठून पुरण घातलं होतं, आणि एकही पोळी फाटायला नको म्हणून पोळ्या मला लाटायला लावल्या होत्या.

चहा झाला. सासूबाई म्हणाल्या, "बसा वाईच. खोलीतली पूजा करतो, मग बोलू."

रॉकेलचा कोटा आदल्या दिवशीच उतरला होता. पिंपं भरलेली, फरशी सांडलेल्या तेलानं अजून ओली. सासूबाई, माधुरी आणि मी पूजेला गेलो. पाहुण्यांची पोरं मागोमाग येऊन त्या उंच उंबऱ्यावर रांगेत बसली, घोड्यावर बसावं तशी. तेवढ्यात ताटातल्या हळदीची वाटी घरातच राहिली असं दिसलं, म्हणून ताट ओट्यावर ठेवून मी स्वयंपाकघरात गेले.

आक्का ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना ताटातलं निरांजन पेटवायचं राहिलेलं दिसलं. पाहुणी असूनही कामाला हात लावावा म्हणून, अगदी भल्या मनानं, त्यांनी ते तुळशीपाशी तेवणाऱ्या दिव्यावर पेटवलं, तळव्याचा आडोसा धरला आणि ताट घेऊन खोलीकडे निघाल्या. मी हळद घेऊन बाहेर आले तेव्हा त्या पोरांच्या मागे, उंबऱ्यापाशी पोचल्या होत्या.

सासूबाईंनी आतून ज्योत पाहिली. त्या दोन ढांगांत पुढे आल्या, पोरांच्या डोक्यावरून वाकल्या आणि फुंकर मारली.

धुराची एक रेघ वर गेली. 

"अगो बाय," आक्का म्हणाल्या. "दिवा फुंकलात? तोंडानं?"

"हां. फुंकला. आत रॉकेल हाय, आक्का."

"रॉकेल माझ्या घरात बी हाय. चुलीजवळ बाटली असते. आमचं काय घर जळलं?"

"तुमच्याकडं बाटली हाय. इथं पिंपं हायत, फरशी वली हाय, नि तुमची पोरं दारात बसलीत."

"पोरीच्या बोलणीच्या दिवशी दिवा इझवणारी आई मी जन्मात बघितली नाय. चल रे चांगू. जिथं सुरुवातच अशी, तिथं पोर द्यायची नाय नि आणायची बी नाय."

माझे यजमान चंदन धावत आले. त्यांनी आईला बाजूला घेतलं. "आये, एकदा चुकलं म्हण नि मोकळी हो. माधुरीकडं बघ तरी."

सासूबाईंनी माधुरीकडे पाहिलं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. तरी सासूबाई बोलल्या त्या सरळ. "दिवा फुंकला याचं मला लय वाईट वाटतंय. ते मी देवीला सांगेन. पर चुकलं कसं म्हणू रे? आता परत कुनी ज्योत घेऊन आलं तर मी परत फुंकीन."

आक्कांनी ताट उंबऱ्यापाशी खाली ठेवलं आणि पोरांना दंडाला धरून उठवलं. सगळी जीपकडे गेली. चांगूभाऊ मान खाली घालून मागोमाग.

मला वाटलं, आता माधुरी आईवर तुटून पडेल. पडली असती तर मी तिला दोष दिला नसता. तिनं उंबऱ्यापाशी ठेवलेलं ताट उचललं, काजळी धरलेली वात काढून ताटातली नवी घातली, तुपात बोट बुडवून ती भिजवली, आणि पाय उचलून उंबरा ओलांडला.

"आये, आरती राहिली."

मायलेकी आत उभ्या राहून आरती म्हणू लागल्या. माधुरीचा आवाज मध्येच चिरकत होता, सासूबाई तेवढी ओळ उचलून धरत होत्या. मी दाराबाहेर हात जोडून उभी होते, म्हणून मला चांगूभाऊ दिसले.

ते परत आले होते, आगपेटीसाठी. सकाळी आल्याआल्या आमच्या रीतीप्रमाणे ती तुळशीच्या कोनाड्यात ठेवली होती, आणि जीपमध्ये बसल्यावर विडी काढली तेव्हा आठवण झाली. कोनाड्यात हात घातला आणि आरती ऐकून तसेच थांबले. सोयरीक मोडून घटकाही झाली नव्हती, आणि आत दोघी पुरी आरती म्हणत होत्या, पुन्हा न पेटवलेल्याच वातीनं.

आगपेटी तिथेच ठेवून ते खोलीपाशी आले. चपला काढल्या, टोपी काढली. आरती संपली तशी माधुरीनं सवयीनं ताट पुढे धरलं आणि समोर कोण आहे ते पाहून दचकली. चांगूभाऊंनी उंबऱ्यावरून दोन्ही हात पुढे केले, न पेटलेल्या वातीवर तळवे धरले आणि डोळ्यांना लावले. पेटत्या ज्योतीवरून लावतात तसेच.

"आलो," म्हणाले, आणि जीपकडे गेले.

तिथे भावाबहिणीचं काय बोलणं झालं ते मी ऐकलेलं नाही. भरतनं वडिलांकडून ऐकून मागाहून माधुरीला सांगितलं ते असं: "आक्का, पोरीचं लगीन गेलं तरी ती बाय आपल्या पोरांच्या अंगावर जाळ येऊ देत नाय. असल्या घरातली सून मिळत असेल तर मी काय जीपमधी बसून र्‍हाणार नाय." जन्मात पहिल्यांदा चांगूभाऊ बहिणीपुढे एवढं बोलले.

थोड्या वेळानं आक्का अंगणात आल्या, तोंड फुगवून. "याची विडी नि तुमचं रॉकेल, दोघांनी माझं डोस्कं खाल्लंनीत. पोळ्या गार झाल्या असतील तर गरम करा. नि माझी एक अट हाय. लग्नात दिवा पेटता पायजे. समजलात?"

"पेटता," सासूबाई म्हणाल्या. तेव्हा कुठे त्यांनी पदर डोळ्याला लावला.

लग्न आमच्याच अंगणात झालं. मांडवाच्या दारात नवरदेव आला. सासूबाई नवं लुगडं नेसून पुढे झाल्या, कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि ओवाळायला लागल्या. माझं लक्ष ताटाकडे गेलं. वात भिजलेली, तूप चकाकतंय, आणि ज्योत नाही! इतक्या वर्षांची सवय, त्या दिवशी नेमका हातानं दगा दिला. बायकांत कुजबुज सुरू झाली. सासूबाईंचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांनाही कळलं होतं, पण आता करायचं काय ते सुचेना.

रखमाआक्का बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या. कमरेची चंची सोडली, आगपेटी काढली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पेटवा की विहीणबाय! मांडवात रॉकेल नाय!"

सगळा मांडव हसला. सासूबाई तर इतक्या हसल्या की वात आक्कांनाच पेटवावी लागली.

आता रॉकेल येणं बंद झालं. वाडीत घरोघर गॅस आला. पिंपं गेली, खोली झाडूनपुसून रिकामी आहे. चंदन म्हणाले, आता आत एक दिवा लावायला काय हरकत आहे. सासूबाईंनी फरशीवर तळवा घासला आणि चंदनच्या नाकाशी धरला. "दगडानं केवढं प्यायलंय ते बघ. ते सुकंपर्यंत तरी ऱ्हाऊ दे."   माझ्या माहेरच्या शास्त्रात हे बसत नसेल, पण गोमाजींच्या सुनेच्या हातून मी हे व्रत घेतलं आहे, आणि ते मी मिरवते.

यंदाच्या दसऱ्याला माधुरी आणि भरत आक्कांना घेऊन आले. आक्का आता काठी टेकत चालतात. जीपमधून उतरल्या, अंगणात थांबल्या. चंची सोडून आगपेटी काढली, तुळशीच्या कोनाड्यात ठेवली आणि कुणी काही सांगायच्या आत खोलीच्या वाटेला लागल्या.