शेवटचा म्हणण्याआधी

माझ्या सख्ख्या भावाविषयी लिहायला बसलो तर रागाने कागद फाटेल. म्हणून वहिनीविषयी लिहितो. तो मध्ये येईलच. तो सगळीकडे मध्ये येतो.

वहिनी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. पुढे काचेची कपाटं, आरसे आणि गोडगोड बोलणारा मालक. मागे एक खिडकी नसलेली खोली, तिच्यात काच घासायचं यंत्र, त्यावर पडणारी पाण्याची बारीक धार आणि वहिनी. फ्रेमच्या मापाला काच घासून बसवायची, हे तिचं काम. जरा जास्त घासली तर निसटते, कमी घासली तर बसतच नाही. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या नखांत पांढरी भुकटी असते. ती आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे मी तिला अगं-तुगं करतो. ती मात्र पहिल्या दिवसापासून मला भावजी म्हणते, आणि चिडली की भावजीबुवा.

दिवसभर उभं राहून तिचे गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. माझी पुतणी शिकायला परगावी गेली होती आणि तिची जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. वहिनीला सायकल अजिबात येत नव्हती. मी बस डेपोत मेकॅनिक आहे. सुट्टीच्या दिवशी डेपोचं आवार मोकळं असतं, तिथे मी तिला शिकवलं. सीट धरून मागे पळता पळता माझी फेफे उडायची आणि ही वरून ओरडायची, "धरलंय म्हणता आणि सोडता! भावजीबुवा, खोटं बोलू नका!" पन्नाशीच्या बाईने तोल सांभाळायला शिकणं म्हणजे काय, ते मी पाहिलंय. दोन्ही कोपरं सोलवटून घेतली, पण शिकली.

मग ती रविवारी सकाळी नदीकाठी सायकल चालवणाऱ्या मंडळींबरोबर जायला लागली. डोंगर वगैरे काही नाही. नदीच्या कडेने कच्ची वाट जाते, थोडा चढ, थोडा उतार, मग शेतांमधून पायवाट, एक मोरी, पुढे चरणाऱ्या गायी. जाड टायर असले की खड्ड्यांचं काही वाटत नाही. वहिनी म्हणायची, "आठवडाभर मी वीतभर अंतरावरच्या काचेकडे बघते हो. रविवारी डोळ्यांना लांबचं बघायला मिळतं."

या वाटेवर एकच जागा अवघड आहे. एका बाजूला शेताचं तारेचं कुंपण, दुसऱ्या बाजूला नदीकडचा उतार, आणि मध्ये एकाच सायकलीपुरती जागा. त्यात वळण, आणि वळणावर माणसाच्या उंचीची लव्हाळी, समोरचं काही दिसत नाही. मंडळी त्या जागेला बोळ म्हणतात. बोळाचा एक नियम आहे. टोळीतला पहिला माणूस "येतोय!" म्हणून ओरडतो. समोरून येणारा रुंद जागेत पाय टेकून थांबतो. सगळे जातात, आणि सर्वांत मागचा माणूस "शेवटचा!" म्हणतो. ते ऐकलं की समोरच्याने बिनघोर आत शिरायचं. पण शेवटचा म्हणण्याआधी मागे वळून बघायचं. बघायचं आणि मगच म्हणायचं. नियम एवढाच. शेंबड्या पोरालाही कळेल असा.

वहिनीचं बघून दादाही जायला लागला. तिच्यानंतर वर्षभराने. हेल्मेट आणलं, हातमोजे आणले, आणि दोन रविवारांत तिलाच शिकवायला लागला, गिअर असा टाक, ब्रेक तसा दाब. ती हसून "बरं" म्हणायची. तिचं ते बरं ऐकलं की मला दादाची दया यायची, पण त्याला काही कळायचं नाही.

त्या रविवारी बोळाच्या तोंडाशी एक वाळकी फांदी आडवी पडली होती. टोळीचा म्होरक्या, ज्याला सगळे कप्तान म्हणतात, तो बगल देऊन गेला. बाकीचेही गेले. वहिनी थांबली, तिच्या बाजूने दादाही गेला. वहिनी उतरली. मागून येणारा कोणी पडेल म्हणून तिने फांदी ओढून कुंपणापाशी टाकली आणि मग बोळात शिरली. वळणावर समोरून, रोज त्या वाटेने सायकलवर पाव पोचवणारा बेकरीवाला वेगात आला. दोघांच्या सायकली एकमेकींत अडकल्या. त्याचं गुडघ्यावर निभावलं. वहिनी उताराकडे पडली आणि उजवं मनगट मोडलं.

मी इस्पितळात पोचलो तेव्हा दादा बाकावर बसला होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, "हिचं नेहमीचंच रे. मागे रेंगाळते." मी मान हलवली. मला काय माहीत?

दोन दिवसांनी कप्तानने मंडळींच्या फोनवर निरोप टाकला. झालेला प्रकार दुर्दैवी आहे, यापुढे हळू चालवणाऱ्यांनी बोळात येऊ नये, त्यांच्यासाठी बागेचा फेरा उत्तम. बागेचा फेरा म्हणजे काय, तर कारंज्याभोवती गोल गोल, बाबागाडीवाल्यांच्या मागून. नाव कोणाचं घेतलं नव्हतं, पण हळू चालवणारी म्हणजे कोण ते सगळ्यांना माहीत होतं. त्या निरोपाखाली लोकांनी अंगठे टाकले होते. पहिला अंगठा दादाचा. वहिनी डाव्या हाताने फोन धरून तो अंगठा बघत होती, आणि दादा शेजारच्या खुर्चीत भुईमुगाच्या शेंगा सोलत होता.

मला तेव्हाच खटकलं. पण तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या आठवड्याच्या शेवटी. बेकरीवाला घरी आला. हातात पावांची पिशवी, गुडघ्याला पट्टी, चेहरा रडवेला. "ताई," तो म्हणाला, "मी नियम मोडला नाही हो. मी थांबलो होतो. शेवटचा म्हणून ओरडलेलं ऐकलं आणि मगच निघालो. आईशप्पथ."

"कोण ओरडलं?" मी विचारलं.

बेकरीवाल्याने एकदा दादाकडे बघितलं आणि मग पावांच्या पिशवीकडे. दादा उठून पाणी आणायला आत गेला. पाणी काही आलं नाही.

बेकरीवाला गेल्यावर मी आत शिरलो. दादा ओट्याशी उभा होता, नळ बंद, पेला रिकामा.

"तू ओरडलास?"

"मला वाटलं ती पुढे गेली."

"फांदीपाशी ती उतरली, तू तिच्या बाजूने गेलास. पुढे कशी जाईल? उडून?"

"तू हळू बोल."

"का हळू बोलू? मागे बघितलंस का तू?"

त्याने रिकामा पेला पालथा घातला. मूग गिळून बसायचं हे त्याचं लहानपणापासूनचं. काच फुटली की तो गप्प बसायचा आणि मार मला पडायचा. तेव्हा मला चालायचं. या वेळी मोडलेला हात माझा नव्हता. मी कप्तानला फोन लावायला निघालो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही आमच्याच घरात! पण वहिनी दारात उभी होती, प्लास्टरचा हात छातीशी धरून.

"ठेवा तो फोन," ती म्हणाली.

"वहिनी, तुला कळतंय का हा काय करून बसलाय?"

"मला तेव्हाच कळलं होतं. मी वळणाच्या अलीकडेच होते. इतक्या वर्षांचा संसार, आवाज ओळखणार नाही का मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? ज्यांनी आरोळी ठोकली त्यांनी बोलायचं. आणि तुम्हीही बोलायचं नाही, भावजी. तुम्ही बोललात तर ते सुटले."

दादाने ऐकलं सगळं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, पण मला त्या दिवशी ते दात पाडावेसे वाटत होते.

पुढचे आठवडे दादा घरात फार चांगला वागला. भांडी घासली, तिची वेणी घालायचा प्रयत्न केला, गुंता करून ठेवला. दुकानात तिच्या यंत्रावर मालकाने दुसरी मुलगी बसवली, तेव्हा मालकाला भरपूर शिव्याही दिल्या. एवढं एक वाक्य सोडून त्याने सगळं केलं. आणि एक दिवस जिन्याखालची सायकल उचलून गच्चीवर नेली आणि वर ताडपत्री टाकली. म्हणाला, "आता कशाला ती दगदग." काळजीचा असा आव आणला की पाहणाऱ्याला वाटावं, काय प्रेमळ नवरा आहे!

प्लास्टर निघालं, मनगट वळायला लागलं, तसं वहिनीने मला गच्चीवर नेलं. "ताडपत्री काढा आणि ब्रेक बघून द्या." मी ब्रेकची तार बदलली, साखळीला तेल घातलं. तिने डाव्या उजव्या दोन्ही हातांनी ब्रेक दाबून बघितला. उजव्या हाताला दुखलं, तिच्या ओठांवरून कळलं. "चालतंय," ती म्हणाली.

त्या रविवारी मीही डेपोतल्या एकाची सायकल मागून आणली आणि गेलो. मंडळी जुन्या होड्यांच्या शेडपाशी जमली होती. वहिनीला बघून कप्तानचा चेहरा पडला. "ताई, बरं वाटतंय ना? पण आपलं ठरलंय, तुमच्यासाठी बागेचा—"

वहिनीने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती दादाकडे बघत होती. सगळेच दादाकडे बघायला लागले. आत्ता म्हणायचं होतं, आत्ता. दादा खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागला.

"बरं," वहिनी म्हणाली, आणि सर्वांत आधी निघाली.

कप्तान मागून काहीतरी ओरडला, पण तोवर ती मोरीपाशी होती. आम्ही सगळे तिच्या मागे. बोळाच्या तोंडाशी तिचा आवाज आला, "येतेय!" मी तिच्या पाठोपाठ बोळातून बाहेर पडलो तर रुंद जागेत बेकरीवाला पाय टेकून थांबलेला. माझ्या मागून कप्तान आला, बाकीचे आले. दादा आला नव्हता. बेकरीवाल्याने कप्तानला विचारलं, "झाले का सगळे?"

"झाले झाले, निघा," कप्तान म्हणाला. मागे न बघता! उचलली जीभ लावली टाळ्याला. बेकरीवाल्याने पॅडलवर पाय ठेवला.

"थांबा!" वहिनी एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या गायीने मान वर केली. "माझा नवरा आहे मागे."

लव्हाळी हलली. दादा वळणावरून बाहेर आला. त्याने ते ऐकलं होतं. त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं. नियमाप्रमाणे त्याने आता शेवटचा म्हणायला हवं होतं. तो सायकलवरून उतरला.

"त्या दिवशी मीच ओरडलो होतो," तो म्हणाला. "मागे बघितलं नव्हतं. हिची काही चूक नव्हती."

कप्तानने घसा साफ केला. "अहो, जाऊ द्या, होतं असं कधी कधी."

"होत नाही," वहिनी म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. मग दादाला म्हणाली, "एवढं म्हणायला माझं हाड जुळायची वाट बघितलीत?"

दादाने मान खाली घातली. मला वाटलं होतं की हे ऐकून माझा राग निवेल. नाही निवला. अजूनही नाही.

वहिनी दर रविवारी जाते. दुकानातलं यंत्रही भांडून परत मिळवलं तिने. दादाही जातो, आणि आता बोळात शिरण्याआधी न चुकता थांबून मागे वळून बघतो, चांगला वेळ लावून, सगळ्यांना दिसेल असा. मागे कोणी नसतं. वहिनी केव्हाच पुढे गेलेली असते, आणि ती त्याच्यासाठी थांबत नाही.