चिंधी न बांधलेलं वांगं

कोकिळाचा राग गावात नावाजलेला आहे. धाडच्या बाजारात ती लांबून येताना दिसली की भाजीवाल्यांच्या तराजूची दांडी आपोआप सरळ होते, असं तिचा नवरा निवृत्ती सांगतो, आणि सांगण्याआधी ती जवळपास नाही ना हे बघून घेतो. पण यंदाच्या उन्हाळ्यात तिला जो राग आला तो बाजारातला नव्हता. तो एका वांग्यावरून आला, आणि कोणावर काढावा हेच तिला कळेना.

वांगं म्हणजे कोणतं ते आधी सांगायला हवं. तिच्या माहेरचं. पांढरट हिरवं, त्यावर जांभळ्या रेघा, आणि देठाला असे काटे की तोडणाऱ्याच्या बोटातून रक्त आलंच पाहिजे. चुलीत भाजलं की नुसतं लोणी. लग्नात आईजवळ द्यायला सोनं नव्हतं. तिनं मुलीच्या पदराला मूठभर बियांची गाठ मारली आणि कानात सांगितलं, "वांगं सगळ्याईले दे. बी कोनालेच देऊ नको. बी देलं का बरकत जाते."

चाळीस वर्षं कोकिळानं हे शब्दाला शब्द पाळलं. पहिल्या तोड्याचा वानोळा गल्लीतल्या एकूण एक घरी जायचा. कोवळी, चकचकीत, बी न धरलेली वांगी. लोक भरीत करायचे, बोटं चाटायचे, आणि बी मागायला यायचे. बी मात्र कोणाला मिळालं नाही. पिकलेल्या वांग्याचं बी ती राखेत घोळवायची, शेणात कालवून मातीच्या भिंतीला थापून ठेवायची. वर्षभर त्याला कीड शिवत नसे.

मग घरकुल आलं. मातीची भिंत गेली, सिमेंटची आली, तिला फिकट पिवळा रंग आला. रंगाच्या भिंतीला शेण कोण थापू देतो? बी गेलं प्लास्टिकच्या डब्यात, आणि दोन पावसाळ्यांत त्याला बुरशी चढली. नव्या घरानं परसही खाऊन टाकलं होतं. त्यामुळे पंचायतीनं पाण्याच्या टाकीखालची पडीक जागा बचत गटाच्या बायांना भाजीपाल्यासाठी दिली, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केला तो कोकिळानं. बाया अकरा, प्रत्येकीला दोन वाफे. कोकिळाच्या वाफ्याला लागून वाफे आले मंजुळाबाईचे.

मंजुळाबाई मागच्याच गल्लीतली. वयानं कोकिळाएवढीच, तोंडानं एक घास जास्तच. तिनं आजवर तीनदा बी मागितलं होतं आणि तीनदा नकार घेतला होता. तिसऱ्यांदा कोकिळा म्हणाली होती, "माह्या मायचं बी हाये. बाजारातली पुडी नाही."

बागेत एक रिवाज सुरुवातीपासून पडला. जे फळ बियाण्याला धरायचं, त्याच्या देठाला तांबडी चिंधी बांधायची. चिंधी दिसली की दुसरीनं हात लावायचा नाही, मग फळ कितीही पिको, लोंबो. हा नियम कोणी कागदावर लिहिला नव्हता. ज्यांच्या आयांनी, आज्यांनी वेलांना चिंध्या बांधल्या, त्यांना तो सांगावा लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात कोकिळानं डब्यातल्या अर्ध्या बियांची रोपं केली, आणि सगळ्यांत जोमदार झाडाच्या वांग्याला चिंधी बांधली. ते पिकून पिवळं झालं, आणि एका सकाळी पाहते तर वांगं नाही, आणि चिंधी मंजुळाबाईच्या बांधावर पडलेली.

त्या दिवशी नळावर जे झालं ते गावाला अजून पाठ आहे. कोकिळा म्हणाली, "चोट्टी हाये तू." मंजुळाबाई म्हणाली, "मी काय वांग्याची उपाशी हाये का वो?" कोकिळानं चिंधी तिच्या तोंडासमोर नाचवली. मंजुळाबाईनं तोंड फिरवलं आणि हंडा उचलला. झालं, बोलणं बंद. नंतर आठच दिवसांत टाकीचं पाणी आटलं, झाडं वाळली आणि दुसरं वांगं बियाण्याला धरायचं राहून गेलं.

शेजारी वाफे आणि बोलणं बंद, यापरता ताप नाही. उन्हाळ्यात दिवसाआड तासभर पाणी, त्यात प्रत्येकीला पाच मिनिटं. कोकिळाची पाळी संपली की मंजुळाबाईची. पाइप हातात द्यायचा म्हणजे बोलल्यासारखं होणार, म्हणून कोकिळा तो चिखलात टाकून द्यायची. मंजुळाबाई वाकून उचलायची. तिचे गुडघे दुखतात हे कोकिळाला माहीत होतं. एक वर्ष तिनं तो पाइप जमिनीवरच टाकला.

यंदा डब्याच्या तळाशी वीसेक बिया उरल्या होत्या. बस, तेवढ्याच. माघात तिनं त्या टोपलीत टाकल्या. अकरा उगवल्या. वाफ्यात लावेपर्यंत सात राहिल्या. त्या सात झाडांसाठी बाईनं काय नाही केलं! चैत्रातल्या उन्हात स्वतःच्या साडीची सावली केली, धुणं धुतलेलं पाणी कळशीनं नेऊन घातलं, शेळ्यांना दगड मारून मारून खांदा दुखवून घेतला. निवृत्ती एकदा म्हणाला, "मले मोतीबिंदू झाला तवा येवढी उठबस नाई केली तू." ती म्हणाली, "तुमचं बी नाई धराचं मले."

वैशाखात दोन वांगी अशी धरली की बघत राहावं. आता रिवाजानं चिंधी बांधायची. कोकिळानं चिंधी फाडली, वाफ्यापर्यंत नेली, आणि तिथं तिचं डोकं फिरलं. मागच्या वर्षी चिंधी बांधली म्हणूनच चोराला कळलं ना, कोणतं वांगं बियाण्याचं आहे ते? चिंधी म्हणजे चोराला बोलावणं. तिनं चिंधी परत कमरेला खोचली. दोन्ही वांग्यांवर झाडाची पानं ओढून घेतली आणि खालून पालापाचोळा लावला. सातही झाडांवरची बाकीची वांगी तोडून टाकली, म्हणजे झाडाकडे कोणाचं लक्षच जाणार नाही. बी पक्कं व्हायला लागलं तसं पाणीही कमी केलं. पानं पिवळी पडली. कोणी विचारलं तर सांगायची, "सरली हो यंदा माही वांगी." स्वतःच्या हुशारीवर ती खूश होती. सून असती तर तिला शिकवलं असतं, असंही एकदा मनात आलं.

वैशाख सरता सरता चिखलीला चुलतभावाच्या नातीचं लग्न निघालं. दोन दिवस जाणं भागच होतं. वांगी पिवळी झाली होती, हाताला नरम लागत होती. आल्यावर तोडायची. लक्ष ठेवायला कोणाला सांगावं? सांगितलं तर लपवलेलं उघडं पडणार. तिनं कोणालाच सांगितलं नाही. मांडवात पंगतीत बसली तरी तिचं चित्त टाकीखाली होतं. बुंदी वाढणाऱ्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तो पुढे निघून गेला.

तिसऱ्या दिवशी एसटीतून उतरली ती घरी न जाता थेट बागेत. वाफे आरशासारखे स्वच्छ. सातही झाडं गायब.

झालं असं होतं की तालुक्याहून साहेब बाग बघायला येणार होते. गटाचं काम पाहणारी सारिका, पंचवीस वर्षांची, चुणचुणीत पोरगी. तिनं आदल्या दिवशी सगळ्या बायांना लावून साफसफाई करून घेतली. ज्यांचा बहर सरला ती झाडं उपटायची, पुढच्या लागवडीला वाफे मोकळे करायचे. काम रीतसरच होतं. उपटलेलं सगळं उकिरड्यावर शेळ्यांना घातलं.

कोकिळानं उकिरड्यावर जाऊन दोन्ही हातांनी चिवडलं. शेळ्यांनी सगळं फस्त केलं होतं. काटेरी म्हणून एक देठ तेवढं सोडलं होतं. ते हातात धरून ती बागेला लागूनच असलेल्या सारिकाच्या दारात गेली.

"कोनाले विचारून उपटली वो माही झाडं?"

सारिका घाबरली. "काकू, तुमीच म्हनत होत्या ना, वांगी सरली म्हनून. पानं बी पिवळी होती."

"दोन वांगी होती ना बियान्याची! दिसली नाईत?"

"एक दिसलं. पिकलेलं. पन चिंधी नव्हती त्याले." सारिका रडवेली झाली होती. "चिंधी असती त आमी हात तरी लावला असता का काकू? त्या तिकडच्या कोपऱ्यातली काकडी पाहा. पार सडून राह्यली, पन तिले चिंधी हाये. कोनी हात नाही लावला."

कोकिळा वळून पाहते तर खरंच, एक तपकिरी पडलेली काकडी तांबडी चिंधी घालून ऐटीत लोंबत होती. तिला त्या काकडीचाही राग आला. साहेबांचा आला, शेळ्यांचा आला, लग्न काढणाऱ्या चुलतभावाचा आला. आणि या सगळ्या रागांच्या खाली एक राग होता, तिकडे तिला बघायचंच नव्हतं. कमरेला हात गेला. महिन्याभरापूर्वी खोचलेली ती चिंधी, साडी बदलताना दर वेळी तिनं पुन्हा तिथंच खोचली होती.

दोन दिवस ती नीट जेवली नाही. चाळीस वर्षं सांभाळलेलं आपल्या हातानं घालवलं, आता आईला काय तोंड दाखवायचं, असं पुन्हा पुन्हा म्हणायची. आई जाऊन बावीस वर्षं झाली होती, पण ते सांगायची निवृत्तीची छाती झाली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र भाकर मोडता मोडता तो सहज बोलून गेला, "जिनं चोरलं, तिच्याकडं असन की."

कोकिळा त्याच्यावर अशी ओरडली की दारातलं मांजर पळालं. चोरट्या बाईच्या दारात जायचं? हात पसरायचे? आपल्याच बियांसाठी? ताट सरकवून ती उठली. पण एकदा कानात शिरलेली गोष्ट बाहेर निघेना. खरंच पेरलं असेल का तिनं? की भाजून खाल्लं? वर्षभर कोकिळा देवाजवळ मागत होती की त्या चोट्टीच्या घरात गेलेल्या वांग्याला अळी लागो, एक दाणाही न उगवो. आता ती पदर पसरून म्हणत होती, देवा, माझं ऐकलं नसशील तर बरं.

चार दिवस तिनं पायांना अडवून धरलं. पाचव्या दिवशी सकाळी, उन्हं तापायच्या आधी, पाय मागच्या गल्लीत गेलेच.

मंजुळाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, खाली घातली, सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि परसाकडे चालू लागली. कोकिळा मागे.

न्हाणीच्या मागे, सांडपाण्याच्या वाटेवर, भिंतीआड पाच झाडं उभी होती. पांढरट हिरवी वांगी, जांभळ्या रेघा. रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून पुढे तुराट्यांची ताटी लावली होती. कोकिळानं देठाला हात लावला आणि काटा बसेस्तोवर सोडला नाही. मग रक्त पदराला पुसलं.

"वर्सभर चोरून खाल्ली," मंजुळाबाई म्हणाली. "कोनाच्या घरी वानोळा बी देता आला नाही. देलं असतं त वळखलं असतं सगळ्याईनं. असं खानं काय खानं हाये का?"

कोकिळाच्या तोंडात 'चोट्टी' शब्द आला होता. तो तसाच राहिला. डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. "हे एक पिकाले आलं," ती कशीबशी म्हणाली.

"आठ दिवस लागतीन अजून. मंग घेऊन जाय."

कोकिळानं कमरेची चिंधी काढली. घामानं तिचा रंग उतरला होता. तिनं त्या वांग्याच्या देठाला ती बांधली, एक गाठ, वर दुसरी गाठ. मंजुळाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"माह्याच परसात माह्यापासून राखून राह्यली का वो?"

"शेळ्याईपासून," कोकिळा म्हणाली.

ती निघाली. दारात चपला घालताना थांबली. सवयीनं आईचे शब्द ओठांवर आले होते. "पाह्य, कोनाले देऊ नको बी," असं म्हणून गेली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. एक चप्पल पायात, एक तशीच. "बरं, कोनी मागितलं त दे."

मंजुळाबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"मागितल्यावर देलं असतं, त मी कायले चोरलं असतं?"