शेवयांचा नमुना आणि बंद पंखा

वाचनालयात पुस्तकांची नोंद होते, वर्तमानपत्रांची होते, विसरलेल्या छत्रीचीसुद्धा होते. किश्शांसाठी तेवढं रजिस्टर नाही. म्हणून ते माझ्या डोक्यात साठतात, आणि मला मुळातच एका जागी बसवत नाही. पालमच्या या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. खुर्ची माझी आहे, पण तिच्यावर बहुतेक वेळ रजिस्टरंच बसलेली असतात.

त्यात छताचा एकुलता एक पंखा जळलेला. दुरुस्तीचा ठराव समितीने तीनदा मंजूर केला. ठरावावर पंखा फिरला असता तर आम्हाला थंडी वाजली असती.

* * *

धंदा करू पाहणाऱ्यांसाठी समितीने एक कोपरा काढला. संगणक, प्रिंटर, योजनांची माहिती, कपाटभर पुस्तकं. मी हौसेनं पाटी लावली, 'उद्योजक कोपरा. सर्व काही मोफत.'

आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मी दर दहा मिनिटांनी दारात जाऊन रस्ता बघायचो. शेवटी एक म्हातारबुवा आले. त्यांनी पाटी वाचली, संगणक बघितला, कपाटाच्या मागेही डोकावून घेतलं.

"फुकट हाय म्हणता. मंग नंतर काय मागणार?"

"काहीच नाही, बाबा."

"तेच तर आमाला समजंना गेलंय," म्हणाले आणि निघून गेले.

त्याच संध्याकाळी मी पाटीवरचं 'मोफत' खोडून 'आत चौकशी करावी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चौघं उभे!

* * *

त्या चौघांतला एक गजानन. एसटी स्टँडजवळ त्याची चहाची टपरी. त्याला मी धंदा वाढवण्याचं एक पुस्तक दिलं. गिऱ्हाईकाला काय हवं ते त्यालाच विचारा, असं त्यात एक अख्खं प्रकरण होतं.

पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं.

"विचारलंस का?"

"विचारलं की सर. समदे म्हणले बाकडं टाक. टाकलं."

"मग?"

"आता बसणारे बसायलेत, अन् चहा पिणारे उभे राहायलेत."

* * *

छायाताई वाघमारे आल्या त्या मात्र चौकशीला नाही, कामाला. नवरा मोटार वाइंडिंग करायचा, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचा. तो गेला, हत्यारं राहिली, आणि त्याच्या शेजारी बसून शिकलेली विद्याही राहिली. स्टँडसमोर एक गाळा त्यांनी हेरला होता. महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो, असं गाळामालकानं बजावलं होतं. त्याआधी बँकेचं कर्ज मंजूर व्हायला हवं होतं.

"जयभीम सर. वाइंडिंगचं पुस्तक हाय का?"

होतं, पण संदर्भाचं, घरी देता येत नव्हतं. "मंग मीच येते," म्हणाल्या. रोज दुपारी येऊन त्या वहीत उतरवून घ्यायच्या. एके दिवशी बघतो तर पुस्तकातल्या आकृतीवर पेन्सिलीनं दुरुस्ती! मी तडकलो. वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचं नसतं, वगैरे.

"सर, ती तार चुकीची दाखवलीय. कुणाची तरी मोटार जळंल."

मी तसाच उठून मोटारीच्या दुकानदाराला आकृती दाखवून आलो. ताई बरोबर होत्या. माझी मान खाली गेली. त्या पेन्सिलीच्या खुणेशेजारी मी वाचनालयाचा शिक्का मारून दिला.

* * *

लोकांना कर्जाचा अर्ज भरता यावा म्हणून मी एक नमुना भरून भिंतीवर टांगला होता. व्यवसाय, शेवया मशीन. पत्ता सुचेना, म्हणून वाचनालयाचाच टाकला.

महिन्याभरानं बँकेतून फोन. "सर, पालम तालुक्यात इतक्या शेवया खाणार कोण?"

वेल्डर, फोटोग्राफर, शेळीपालनवाला, सगळ्यांनी शेवया मशीनच मागितली होती. भिंतीवरचं खरं, अशी आमच्याकडे श्रद्धा. मी धावत जाऊन शेवया खोडल्या आणि तिथं 'स्वतःचा व्यवसाय लिहावा' असं लिहिलं. पुढच्या अर्जांत उत्तर आलं, 'स्वतःचा व्यवसाय लिहावा.'

या गडबडीत पत्ता खोडायचा राहिला.

* * *

महिना संपायला दोन दिवस उरले होते. बँकेचं पत्र वाचनालयात आलं, छायाताईंच्या नावे. साहेब उद्या दुपारी दुकानाची जागा पाहायला येणार. कोणतं दुकान? ताईंच्या अर्जाची आमच्याकडची प्रत काढून बघितली. गाळा अजून हाती नव्हता, म्हणून ताईंनी पत्ता नमुन्यातलाच टाकलेला.

चूक माझी होती आणि गाळा त्यांचा जाणार होता. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी म्हटलं, "ताई, पत्त्याच्या दुरुस्तीचा अर्ज देऊ."

"अर्ज माघारी गेला तर महिना जातो, सर." त्यांनी वर बघितलं. "शिडी हाय का?"

मी ठराव, समिती असं काहीतरी पुटपुटलो. तोवर पंखा खाली आला होता. वाचनाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून त्यांनी तांब्याची तार मांडली. रोज पेपर वाचायला येणारे तिघं आजोबा वाचन सोडून तेच बघत बसले.

दुपारी साहेब आले तेव्हा ताई शिडीवर पंखा अडकवत होत्या. साहेबांनी कागद बघितला, पाटी बघितली.

"छाया वाघमारे यांचं दुकान हेच का?"

मी शिडी घट्ट धरली.

"साहेब, नंबरानं या," एक आजोबा म्हणाले. "आमी सकाळपासून बसलोत."

ताईंनी बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं. पंखा कुरकुरला, आणि मग असा सुटला की टेबलावरचे पेपर भिंतीला जाऊन लागले. साहेबांनी अर्ज दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग मान वर करून पंखा बघितला.

"कूलरची मोटार करता का?"

"करते की."

"घरचा बंद पडलाय. इथंच आणायचा ना?"

ताई शिडीवरून उतरल्या, हात पुसले.

"आज आणला तर इथं. एक तारखेपासून एसटी स्टँडसमोर."

साहेबांनी पेन काढलं आणि अर्जावर पत्त्याच्या जागी ते लिहून घेतलं.