कपाळावरचं काळं ऑइल
खालच्या गॅरेजमधनं पेट्रोल-ऑइलचा तो गोडसर जळका वास वर आला की मला लगेच नालासोपाऱ्याच्या आमच्या जुन्या बिल्डिंगखालची ती सकाळ आठवते, पोरगी तेव्हा रांगत पण नव्हती, अंग असं तापलेलं की हात लाववेना, डोळे वर फिरवत होती, आणि मी म्हणतेय, "अहो, रिक्षा करू या," तर हे म्हणतात, "बाबांची स्कूटर आहे, दसऱ्याला हार घालतो आपण तिला, ती नाही अडवायची," आणि किकवर किक, नुसता फुसफुस आवाज, मग पेट्रोल उतरावं म्हणून स्कूटर एका बाजूला कलती केली, ते सगळं माझ्या पायावर सांडलं, मग प्लग काढला, काळाकुट्ट, चिकट, शी, आणि पुसायला काय घेतलं, तर माझ्या पिशवीतलं पोरीचं धुतलेलं झबलं! त्यात ह्यांनी ताप बघायला तेच हात पोरीच्या कपाळाला लावले, तर तळमजल्याच्या काकू खिडकीतनं हसल्या, "बरं झालं, तीट लागली!" तशी मी पेट्रोलनं निसटणारी चप्पल तिथंच टाकली आणि पोरीला घेऊन रस्त्यावर पळाले, मिळाली त्या रिक्षात बसले, डॉक्टरीणबाईंनी सुई द्यायच्या आधी ते कपाळच पुसलं, आणि परत आले, पोरगी खांद्यावर झोपलेली, तर हे धुरात उभे, हसतायत, "बघ, एका किकला आली!" आता पोरगी शाळेत जाते, तरी तो वास आला की माझा पदर आपोआप तिच्या कपाळावर जातो, पुसायला.