एका बटणावरच्या वेबसाइट

संत्र्याची साल हाताला लागली की अमरावतीचं आमचं ऑफिस आठवतं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाची वेबसाइट वेगळी उघडून अपडेट करायचो. शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या साऱ्या वेबसाइट एकाच सिस्टिमवर होत्या. एक बटण दाबून तो संत्रं सोलत बसायचा. एकदा अंजनगावहून आलेलं माझंच गिऱ्हाईक मला म्हणालं, “तुमी काहून एकेक करून राहिले? त्यायचं तं झालं बी.” तेवढ्यात मित्राच्या साऱ्या वेबसाइट एकदम बंद पडल्या. मला आतून गारगार वाटलं. त्याने एक चूक दुरुस्त केली आणि साऱ्या एकदमच सुरू झाल्या. “घे बे, खा,” म्हणत त्याने अर्धं संत्रं दिलं. ते गोड निघालं, याचाही राग आला. आता माझ्याही वेबसाइट तशाच चालतात. तरी संत्र्याचा वास आला की मी आधी त्याच्या उघडून बघतो, बंद पडल्यात का.