युरियाचं कुटार आणि सोयाबीनचा भरडा

माझा थोरला भाऊ मला आवडत नाही. सख्ख्या भावाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मी बोलते. कारंज्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, वर्गात आवाज चढवायची सवय आहे, आणि घरी तर तो चढतोच.

मी जे शिकवते त्यात अमिडोहायड्रोलेज नावाचं विकरांचं एक मोठं घराणं येतं. विकर म्हणजे सजीवांच्या पेशींतली कामकरी प्रथिनं. या घराण्यातल्या बहुतेकांचा धंदा एकच, पाण्याचा रेणू हाताशी घेऊन नायट्रोजनचा जोड तोडायचा. त्यातलं एक आपल्या पांढऱ्या पेशींत असतं. ते जन्मतःच नसेल तर बाळ साध्या संसर्गानंही दगावू शकतं. दुसरं एक मातीतल्या जिवाणूंत असतं, ते तणनाशक फोडतं. आणि एक युरिएज. पोटाशी निकेल धरून बसलेलं, युरियाचा अमोनिया करणारं. ते मातीत आहे, जनावराच्या पोटातल्या जिवाणूंत आहे आणि कच्च्या सोयाबीनच्या दाण्यात तर ठासून भरलेलं आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनला तोटा नाही, आणि अतिशहाण्यांनाही.

भाऊ कामरगावला असतो. त्यानं मोबाइलवर पाहिलं की कुटारावर, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशावर, युरियाचं पाणी शिंपडून ते ताडपत्रीखाली दाबून ठेवलं की जनावरांना चांगलं मानवतं. खरंच मानवतं. आतल्या आत युरिएज युरिया फोडतं, अमोनियानं कुटार मऊ होतं, आणि उरलेला अमोनिया ताडपत्री उघडली की उडून जातो. पण त्यासाठी मापात राहावं लागतं आणि काही आठवडे दम धरावा लागतो. भावाला दोन्ही जमत नाही. त्यात बाजारात कुणी न घेतलेलं डागी सोयाबीन घरात पडून होतं. ते त्यानं चक्कीवरून भरडून आणलं आणि मोठ्या तोऱ्यात मला फोन केला.

"युरियाच्या ओल्या कुटारात भरडा मिसळून म्हशीले चारतो. मंग दुधाची धार पाह्यजो."

मी किंचाळलेच. "दादा, कच्चा भरडा अन् युरिया एका टोपल्यात नोको टाकू! पोटात एकदम अमोनिया तयार होते. म्हैस मरन!"

"तुह्यं पुस्तक तुह्यापाशी ठेव," तो म्हणाला आणि फोन कापला.

म्हैस त्याची नव्हतीच. वहिनीनं माहेराहून पारडी आणली होती, बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. वहिनीशिवाय दुसऱ्या कुणाला ती धार काढू देत नसे. त्या घरात वहिनीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

रविवारी मी एसटीनं गेले. फाटक उघडलं तर गोठ्यात म्हैस थरथरत होती. तोंडाला फेस, पोट टम्म, श्वास लागलेला. टोपल्यातून स्टँडवरच्या मुतारीसारखा वास येत होता. भाऊ तिच्या घशात गोडंतेल ओतत होता, कारण पोट फुगलं की आमच्याकडे तेच पाजतात.

"तेलानं काई होत नाई! आंबट पाह्यजे. विनेगर अन् थंडं पानी!"

"म्हशीले चायनीज चारून राह्यली का?" असं म्हणून तो हसला. हसला! त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला मला.

मी स्टँडकडे धावले. चायनीजच्या गाडीवरच्या चाचांना सांगितलं, त्यांनी होत्या तेवढ्या बाटल्या पिशवीत टाकल्या. "पहले जानवर देखो, बेटी," एवढंच म्हणाले. आंबटानं अमोनिया पोटातच अडकतो, रक्तात उतरत नाही, पण वेळेवर दिलं तर. मी परतले तर भाऊ दाव्यापाशी आडवा उभा. "डॉक्टरले फोन केला हाय. तो येईपर्यंत कोनी मधात पडाचं नाई."

मी त्याला ढकललं. तोवर म्हैस आडवी होऊन पाय झाडत होती. घोट उतरेना. विनेगर तोंडाच्या कडेनं गळून मातीत गेलं. थोड्या वेळानं पाय थांबले.

मला युरिएजचा राग नाही. त्याला समोर युरिया मिळाला, त्यानं तो फोडला. राग मला माणसाचा येतो.

शेजारपाजारचे जमले. कुणीतरी विचारलं, "कायनं गेली वो?"

भावानं घाम पुसला आणि वहिनीकडे बोट केलं. "हिनंच चारलं. टोपलं हिनंच ठेवलं तिच्यापुढं."

ते खोटं नव्हतं. वहिनी म्हशीच्या डोक्यापाशी बसली होती आणि तिच्या बोटांना अजून भरडा चिकटलेला होता. ती बोटं पदराला पुसू लागली.

"दादा, मी तुले फोनवर सांगतलं होतं," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "म्हैस मरन म्हनून सांगतलं होतं. वयनीले काहून नाई सांगतलं?"

वहिनीचे हात थांबले. तिनं मान वर केली. "तुमाले मालूम होतं?"

"हे मास्तरीन काईबी बोलते."

"तिचं नाई विचारत मी. तुमाले मालूम होतं, अन् टोपलं माह्या हातात देल्लं?"

भाऊ पाठ फिरवून कुणाला तरी म्हैस उचलून न्यायला ट्रॅक्टर आणायला सांगू लागला.